पिकअपला सुपरचार्जर बसवल्यावर ॲव्हरेजचं नक्की काय होतं: मोजायचं कसं, गळती शोधायची कुठे

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा, बेल्टवर फिरणारा ब्लोअर. तो बसवलेल्या दोन मालकांना ॲव्हरेज विचारा. एक छाती ठोकून सांगेल, "काही फरक नाही, उलट वाढलंय." दुसरा म्हणेल, "पाण्यासारखं पेट्रोल पिते." खोटं कुणीच बोलत नसतं. फक्त सुपरचार्जर बसवायला गाडी देण्याआधीचा आकडा दोघांकडेही नसतो. 'आधी' म्हणजे अंदाज आणि 'नंतर' म्हणजे डॅशबोर्डवर दिसलेला आकडा, अशी ती तुलना असते. त्यात नवे प्लग, मोठे टायर, बदललेलं पेट्रोल आणि चेकाळलेला पाय एवढं सगळं मिसळलेलं असतं.

हा लेख पेट्रोल पिकअपसाठी, आणि इंजिन तेच ठेवून वरून सुपरचार्जर बसवणाऱ्यांसाठी आहे. पिकअपचा पिकअप किती वाढेल हा विषय इथे नाही.

## कामाला लागण्याआधी: पेट्रोल नेमकं कुठे जातं

रिकामा, पूर्ण आकाराचा पिकअप सपाट रस्त्यावर ताशी १०० किमीने चालवायला साधारण २५ किलोवॅट, म्हणजे ३३-३४ हॉर्सपॉवर लागते. यातली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, उरलेली टायर फिरवण्यात. बॉनेटखाली काय बसवलंय याच्याशी वाऱ्याला देणंघेणं नाही. सुपरचार्जर आला तरी मागणी तेवढीच राहते.

म्हणून एका चालीत (क्रूझमध्ये) जाताना थ्रॉटल, म्हणजे हवेची वाट उघडणारी झडप, जेमतेम उघडा असतो आणि सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमीच असतो. इंजिनाला जादा हवा नको असते, तेव्हा बायपास व्हॉल्व्ह उघडून ब्लोअरमधली हवा गोल फिरवत ठेवतो. बेल्टने ब्लोअर फिरवण्याचा खर्च मात्र चालूच राहतो. तो लहान असतो, पण कायमचा असतो. शिवाय किटचं वजन आहेच. त्यामुळे हलक्या पायाने हायवेवर ॲव्हरेज जवळपास तेवढंच राहतं किंवा किंचित उतरतं. तेच इंजिन ठेवून ॲव्हरेज *वाढण्याची* आशा धरू नका. कंपन्या सुपरचार्जर लावून इंधन वाचवतात ते मोठ्या इंजिनाच्या जागी लहान इंजिन बसवून. तुमचं मोठं इंजिन जागचं हललेलं नसतं.

पाय खाली गेला की हिशोब बदलतो. बूस्टमध्ये, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा वर गेला की, हवा जास्त येते, म्हणून पेट्रोलही जास्त लागतं. वर मिश्रण मुद्दाम घट्ट केलं जातं. पेट्रोलचं नेमकं जळणारं प्रमाण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं धरतात, तर बूस्टमध्ये ते ११.५ ते १२ च्या आसपास आणतात. ११.८ धरलं तर तेवढ्याच हवेमागे पाव हिस्सा पेट्रोल जास्त जातं, आणि ते चाकापर्यंत ताकद पोचवायला नव्हे, तर सिलिंडर थंड ठेवायला. नॉकिंग (मिश्रण वेळेआधी आपोआप पेटून ठोके पडणं) टाळण्यासाठी स्पार्कही उशिरा दिला जातो. आणि ज्या ब्लोअरचा क्रूझमधला खर्च नगण्य होता, तो आता इंजिनाकडूनच दोन आकड्यांत हॉर्सपॉवर ओढत असतो.

तेव्हा ॲव्हरेज किती पडेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: गाडी बूस्टमध्ये किती वेळ असते, आणि बूस्ट नको असताना यंत्रणा खरंच बाजूला होते का. पुढचे टप्पे या दोन गोष्टी मोजण्यासाठी आणि आवरण्यासाठी आहेत.

## टप्पा १: आधी जुनी दुखणी काढा

किट मागवण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सिलिंडरांमध्ये १० ते १५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर बूस्टचा विचार बाजूला ठेवून ते आधी बघा.

मग ॲव्हरेज खाणारी बारीकसारीक कामं उरका: म्हातारा ऑक्सिजन सेन्सर, झिजलेले प्लग, चोंदलेला एअर फिल्टर, चाकाला चिकटून राहणारा ब्रेक, बिघडलेलं अलाइनमेंट. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन पूर्ण तापतच नाही आणि कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो. हे दुखणं वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

हे सगळं आधी का करायचं? कारण किट बसवताना मेकॅनिक नवे प्लग टाकतो, फिल्टर बदलतो, थ्रॉटल पुसतो. आधी आजारी असलेली गाडी त्यानेच सुधारते, आणि श्रेय जातं सुपरचार्जरला. "उलट वाढलंय" म्हणणाऱ्यांचं गुपित बहुतेक वेळा हेच असतं.

तपासा: ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचायच्या सॉकेटला, स्कॅनर लावा. इंजिन गरम असताना लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा) अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत हवा. तो आकडा तारखेसह लिहून ठेवा, पुढे तीनदा लागणार आहे.

## टप्पा २: 'आधी'चा आकडा काढा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, आणि त्या नंतर सुधारता येत नाहीत. किट बसलं की 'आधी' परत येत नाही.

पेट्रोल आत्ताच बदला. किटला जास्त ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंग कमी करणारं, पेट्रोल लागणार असेल तर जुन्या गाडीतही आतापासून तेच भरा. १० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ऊर्जा सुमारे ३ टक्के कमी असते. आधी एक पेट्रोल आणि नंतर दुसरं भरलंत, तर मोजायला निघालेला फरक त्यातच बुडतो.

टाकी अर्धी असताना भरून हिशोब करू नका. पंपाचं नोझल कधी लवकर बंद पडतं, कधी उशिरा. लिटर-दीड लिटरचा फरक सहज पडतो. दीड लिटर धरला आणि २० लिटर भरले तर ही साडेसात टक्क्यांची चूक झाली, ६० लिटर भरले तर अडीच टक्क्यांची. टाकी बऱ्यापैकी उतरू द्या. मग त्याच पंपावर, गाडी त्याच बाजूला तोंड करून, पहिल्या 'टक्'वर थांबा. वरून टॉपअप नको.

ओडोमीटर तपासा. हायवेवरचे किलोमीटरचे दगड किंवा जीपीएस धरून किमान ५० किमी चालवा. टायर बदलणार असाल तर आत्ता बदला, किंवा सगळी मोजणी संपेपर्यंत बदलू नका. सुपरचार्जर आणि मोठे टायर एकाच आठवड्यात बसवणारे खूप असतात. समजा, टायरचा व्यास ८० सेंटिमीटरचा ८४ झाला. आता गाडी खरोखर ४२० किमी चालते तेव्हा ओडोमीटर ४०० दाखवतो. न घडलेली पाच टक्क्यांची घट वहीत येते. आणि जड, रुंद टायरांनी खरंच वाढवलेला खर्च वेगळाच.

सरासरी काढताना सरासऱ्यांची सरासरी काढू नका. एका टाकीला ३०० किमीला ५० लिटर लागले, म्हणजे ६. दुसऱ्या टाकीला ३०० किमीला ३० लिटर, म्हणजे १०. दोन्हींची सरासरी ८ वाटते. खरा आकडा मात्र ६०० भागिले ८०, म्हणजे साडेसात. नेहमी एकूण किलोमीटरना एकूण लिटरने भागा.

हायवे आणि रोजचं फिरणं वेगळं लिहा. हायवेसाठी जाऊन-येऊन एकच ठरलेला रस्ता घ्या. एकाच दिशेने मोजलं तर वारा आणि चढ फसवतात. क्रूझ कंट्रोल असेल तर लावा. टायरमधली हवा थंड टायरवर मोजा आणि तो आकडाही वहीत टिपा.

असे किमान तीन पूर्ण टाक्यांचे आकडे हवेत. त्यातही एखादी टाकी विचित्र निघाली तर चौथी करा.

सावधान: डॅशबोर्डवरचा ॲव्हरेज हिशोबात घेऊच नका. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला आणि तेवढ्या वेळात किती पेट्रोल जायला हवं, यावरून तो आकडा निघतो. किटबरोबर मोठे इंजेक्टर आले आणि ट्यूनिंगमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलताना) त्यांची माहिती नीट भरली नाही, तर डॅशबोर्ड बिनदिक्कत खोटं सांगतो. बहुतेक वेळा मालकाला आवडेल असंच.

## टप्पा ३: बसवताना या जागा सोडू नका

किट बसवण्याची पूर्ण कृती किटच्या पुस्तिकेत असते. ॲव्हरेज जिथून गळतं तेवढ्याच जागा इथे सांगतो.

मॅनिफोल्डची गॅस्केट: बहुतेक किटमध्ये जुना इनटेक मॅनिफोल्ड निघून ब्लोअर त्याच्या जागी बसतो. पृष्ठभाग आरशासारखा पुसा, बोल्ट सांगितलेल्या क्रमाने आणि सांगितलेल्या टॉर्कनेच कसा. इथे केसाएवढी फट राहिली तरी मोजणी न झालेली हवा आत येते आणि कॉम्प्युटर त्यावर पेट्रोल वाढवत बसतो.

बेल्ट: सैल असेल तर घसरतो, ओरडतो, पुलीजवळ काळी भुकटी पडते. म्हणून कुणी अतोनात ताणून ठेवतात. मग बेअरिंग मरतात.

प्लग: बूस्टसाठी थोडे थंड प्रकारचे (उष्णता लवकर सोडणारे) आणि कमी गॅपचे प्लग लागतात. "थंड चांगले तर अजून थंड आणखी चांगले" असं मात्र नाही. फार थंड प्लग गावातल्या हळू फिरण्यात काळे पडतात, गाडी मिसिंग करते, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून जातं.

क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागाची) वाफ वाहून नेणारी नळी: तिचा एकमार्गी व्हॉल्व्ह उलटा बसला तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो. आणि नळीतून इंजिन ऑइल आत ओढलं गेलं तर मिश्रणाचं ऑक्टेन उतरतं, नॉकिंग वाढतं, कॉम्प्युटर स्पार्क मागे घेतो.

सावधान: ट्यूनिंगची फाइल चढवल्याशिवाय गाडी बूस्टमध्ये नेऊ नका, "फक्त एकदा बघतो" म्हणूनसुद्धा नाही. बूस्टमध्ये पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन जातो. मग ॲव्हरेजचा विषयच संपला.

## टप्पा ४: बायपास व्हॉल्व्हची परीक्षा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. रूट्स आणि ट्विन-स्क्रू प्रकारच्या सुपरचार्जरमध्ये क्रूझमधलं ॲव्हरेज याच एका झडपेवर टिकून असतं.

झडप हलवणारा ॲक्चुएटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर बॉनेट उघडा आणि इंजिन बंद असताना त्याची दांडी पाहा. ती बाहेर आलेली असेल, झडप बंद. आता कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. इंजिन आयडलला येताच दांडी पटकन आत खेचली गेली पाहिजे आणि तिथेच थांबली पाहिजे. मग थोडी रेस द्यायला सांगा. थ्रॉटल उघडताना ती क्षणभर सैल होऊन परत आत जाते. इंजिन बंद केलं की पुन्हा बाहेर.

दांडी हललीच नाही तर आधी ॲक्चुएटरकडे व्हॅक्यूम नेणारी रबरी नळी काढून बघा. माझ्यासमोर आलेल्या एका पिकअपमध्ये ही नळी ब्रॅकेटच्या कडेवर घासून खालच्या अंगाला चिरली होती. वरून पाहिलं तर अगदी नवी. मालक दोन महिने ट्यूनिंगवाल्याशी भांडत होता. नळी ठीक असेल तर हाताने चालवायच्या व्हॅक्यूम पंपाने ॲक्चुएटर ओढा आणि दाब धरून ठेवतो का पाहा. काटा हळूहळू उतरला तर आतला पडदा फाटलाय.

झडप बंद अडकली की ब्लोअर नको असतानाही हवा दाबत, तापवत राहतो. गाडीची ताकद कमी होत नाही, उलट पाय टेकवताच बूस्ट येतो म्हणून मालक खूश असतो. पेट्रोल मात्र दिवसभर जात राहतं.

काही गाड्यांत ही झडप विजेवर चालते. तिथे दांडी बघून कळणार नाही, स्कॅनरवर तिची स्थिती पाहावी लागेल. सेंट्रिफ्यूगल प्रकारच्या सुपरचार्जरमध्ये गोष्ट थोडी सोपी आहे. त्याचा बूस्ट इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जातो, त्यामुळे क्रूझच्या कमी फेऱ्यांत तो फारसा हवा दाबतच नाही.

## टप्पा ५: ट्यूनिंगवाल्याकडून काय मागून घ्यायचं

ट्यूनिंगवाले फुल थ्रॉटलचा ग्राफ हौसेने दाखवतात. तुम्ही दहा मिनिटांच्या एकसारख्या क्रूझचा लॉग मागा, धुरावरून मिश्रण नेमकं मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरच्या आकड्यांसकट. त्यात चार गोष्टी पाहा.

1. क्रूझमध्ये लॅम्बडा १ च्या (म्हणजे वर सांगितलेल्या १४.७ च्या प्रमाणाच्या) आसपास आहे का. तिथेही मिश्रण घट्ट ठेवलं असेल तर कारण विचारा.
2. फ्युएल ट्रिम टप्पा १ मधल्या आकड्याच्या जवळ आहे का. तो अधिक १० च्या वर गेला असेल तर गॅस्केटकडे परत जा, नाहीतर इंजेक्टरची माहिती चुकलीय. उणे १० च्या खाली असेल तर मिश्रण मुळातच घट्ट आहे.
3. पेट्रोल घट्ट करणं कुठे सुरू होतं. पाय जरा टेकवला की लगेच घट्ट, अशी घबराट सेटिंग असते. ती गाव-गल्लीत महाग पडते. मात्र ही रेषा स्वतः सरकवू नका. तिथे इंजिन वाचवणं आणि पेट्रोल वाचवणं यांची मारामारी असते, आणि जिंकायला इंजिनच हवं.
4. ऑटोमॅटिक असेल तर गिअर कधी बदलतो आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला जोड) कधी लॉक होतो. "चपळ वाटावी" म्हणून गिअर उशिरा बदलायला लावतात. मग हायवेवर इंजिन उगाच चढ्या फेऱ्यांत फिरतं आणि दोष ब्लोअरच्या माथी येतो.

## टप्पा ६: पहिल्या दोन टाक्या हिशोबाबाहेर

कॉम्प्युटरला नव्या मांडणीची सवय व्हायला वेळ लागतो. मालकाच्या पायाला त्याहून जास्त. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक सिग्नल म्हणजे शर्यत आणि प्रत्येक मित्र म्हणजे प्रेक्षक असतो. ते करून घ्या, पण वहीत लिहू नका.

मग टप्पा २ जसाच्या तसा: तोच पंप, तोच रस्ता, तीच टायरची हवा, तीन टाक्या. हवामानही जमेल तितकं सारखं हवं. थंडीत हवा दाट असते, इंजिन तापायला वेळ लागतो, टायर जड फिरतात. पेट्रोलचं आकारमानही १० अंशांमागे साधारण एक टक्क्याने बदलतं. उन्हाळ्यातला 'आधी' आणि हिवाळ्यातला 'नंतर' यांची तुलना करायची असेल तर न केलेली बरी.

## टप्पा ७: गेज बघून पाय शिकवा

बूस्ट गेज बसवला नसेल तर बसवा. काटा शून्याच्या डावीकडे म्हणजे व्हॅक्यूम, उजवीकडे म्हणजे बूस्ट. रोजच्या फिरण्यात काटा डावीकडे ठेवून गाडी चालवता येते का, ते आठवडाभर करून पाहा. मोठ्या इंजिनाच्या पिकअपमध्ये ते सहज जमतं.

पायाची किंमत किती? अडीच टनांची गाडी शून्यावरून १०० वर नेली की तिच्यात जवळपास दहा लाख ज्यूल ऊर्जा साठते. पेट्रोलच्या ऊर्जेचा चौथा हिस्सा किंवा थोडा जास्त भाग चाकापर्यंत पोचतो असं धरलं, तर दरवेळी सुमारे ११० मिलिलिटर पेट्रोल झालं. चहाचा मोठा कप भरून. आणि ब्रेक मारला की ते गरम डिस्क बनून उडालं. वेग हळू वाढवला काय नि झटक्यात वाढवला काय, एवढं तरी जातंच. बूस्टमध्ये झटक्याने नेलं तर घट्ट मिश्रणाचं वर चढतं. पण खरा तोटा असा, की ताकद आल्यावर माणूस तोच कप दिवसातून दुप्पट वेळा ओततो.

ट्रेलर ओढणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. घाट चढताना साधं इंजिन दोन गिअर खाली उतरून ओरडत चढतं, आणि पूर्ण थ्रॉटलला तिथेही मिश्रण घट्ट होतंच. सुपरचार्जरवालं इंजिन वरच्या गिअरमध्ये तग धरतं. त्यामुळे *त्याच वेगाने* चढलात तर फरक वाटतो तेवढा मोठा नसतो. अडचण अशी की त्याच वेगाने कुणी चढत नाही.

## टप्पा ८: पैशांचा हिशोब किलोमीटरवर करा

ॲव्हरेज ४ टक्के उतरलं म्हणून खर्च ४ टक्के वाढला असं नाही. आधी साधं पेट्रोल भरत होतात आणि आता किटमुळे १५ टक्के महाग पेट्रोल भरावं लागतं, असं समजू. १.१५ भागिले ०.९६ म्हणजे जवळपास १.२०. किलोमीटरमागे खर्च २० टक्क्यांनी वाढला, आणि त्यातला मोठा वाटा ऑक्टेनचा आहे, ब्लोअरचा नाही. तो वाचवायला कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरू नका. नॉक सेन्सर स्पार्क मागे ओढतो, ॲव्हरेज आणखी पडतं, आणि बूस्टमध्ये पिस्टनशी खेळ होतो.

## घट जास्त दिसली तर: या क्रमाने शोधा

हायवेच्या आकड्यात १० टक्क्यांहून जास्त घट आली तर ती पायाची नसते. पाय रोजच्या आकड्यात दिसतो. तेव्हा ट्यूनिंगवाल्याला फोन लावण्याआधी, फुकटात होणारं आधी या हिशोबाने:

1. टायरची हवा आणि ओडोमीटर.
2. बायपासची दांडी, मग नळी.
3. फ्युएल ट्रिम. अधिककडे झुकलेला असेल तर स्मोक टेस्ट करून धूर कुठून निघतो ते बघा.
4. इनटेकच्या हवेचं तापमान. गाडी चालू असतानाही ते चढलेलंच राहत असेल तर दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाण्याचा पंप फिरतोय का ते पाहा. इंटरकूलरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून पाणी हलताना दिसतं का, एवढी तपासणी बऱ्याच गाड्यांत पुरते. मात्र झाकण इंजिन थंड असतानाच उघडा.
5. प्लग काढून रंग. एकच काळा निघाला तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कॉइल, सगळेच काळे निघाले तर ट्यूनिंग.

फोन पाचव्यानंतर लावा, आणि लावताना वही समोर ठेवा. "ॲव्हरेज देत नाही" एवढंच सांगितलंत तर पलीकडून "हलका पाय ठेवा" एवढंच ऐकू येईल. आधीचे तीन, नंतरचे तीन आणि दोन्ही वेळचे ट्रिम वाचून दाखवलेत तर तो गाडी आत घ्यायला सांगेल.